नॅट किंग कोल : आवाजामागचा पियानो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर अधूनमधून मजकूर येतो, तो आम्ही आवर्जून वाचतो. मराठीतल्या अशा लेखनात अमेरिकी कलावंत नॅट किंग कोल यांचे नाव निघाले की ‘मखमली आवाजाचे गायक’ एवढे लिहून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे. जोडीला नाताळच्या गाण्याचा उल्लेख आणि मुलगी नटाली यांच्यासोबतच्या त्या प्रसिद्ध द्वंद्वगीताची एक ओळ. यात खोटे काही नाही, पण अर्धा माणूस गाळला जातो. कोल हे आधी पियानोवादक होते, आणि साधेसुधे नव्हेत. पुढच्या दोन पिढ्यांच्या जॅझ पियानोवादकांनी ज्यांच्यापुढे कान धरावेत असे. त्यांचे गाणे त्या वादनातूनच निघाले आहे. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

जन्म १७ मार्च १९१९, अलाबामातले माँटगोमेरी. आडनाव मूळचे कोल्स. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. सुरुवातीची शिकवणी त्यांचीच. नॅट चार वर्षांचे असताना कुटुंब शिकागोला आले. तिथे अर्ल हाइन्स यांचा पियानो कानावर पडला, आणि उजव्या हाताने तुतारीसारखी सुटी, ठसठशीत सुरावट काढायची त्यांची तऱ्हा कोल यांनी उचलली. १९३६ मध्ये थोरले बंधू एडी यांच्या वाद्यवृंदातून डेका कंपनीसाठी पहिल्या तबकड्या झाल्या. तेव्हा वय सतरा. पुढे ‘शफल अलाँग’ या जुन्या संगीतिकेच्या फिरत्या संचाबरोबर ते निघाले. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला तो संच बसला, पैसे संपले, आणि कोल लॉस एंजेलिसमध्येच राहिले. मिळेल त्या बारमध्ये, मिळेल त्या पियानोवर वाजवणे सुरू झाले.

त्याच वर्षी हॉलिवूडच्या स्वानी इन या ठिकाणी त्रयी जमली : पियानोवर कोल, इलेक्ट्रिक गिटारवर ऑस्कर मूर, डबल बासवर, म्हणजे खर्जाच्या उभ्या मोठ्या तंतुवाद्यावर, वेस्ली प्रिन्स. ड्रम नाहीत. ठरलेला ड्रमवादक आलाच नाही म्हणून असे झाले, हा किस्सा सगळीकडे सापडतो. किस्सा खरा असो वा नसो, खरी गोष्ट ही की ड्रम नसल्यामुळे तिघांनाही आपले वाजवणे मुळापासून बदलावे लागले. हा बदल नेमका काय होता ते सहसा कुणी लिहीत नाही.

त्या काळचा एकटा पियानोवादक डाव्या हाताने ‘स्ट्राइड’ वाजवायचा : पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जातला एक सूर, दुसऱ्या आणि चौथ्यावर मधल्या पट्टीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर. हात सारखा वरखाली उड्या मारत राहतो. बास चारही मात्रांवर चालू लागला की खर्जाची ही राखण अनावश्यक होते. तरी ती चालू ठेवली तर पियानोचा खर्ज आणि बासचा खर्ज एकमेकांवर आदळतात, दोघांच्या सुरांत केसभर फरक असला तरी तळ गढूळ होतो. कोल यांनी डावा हात मोकळा केला. तो मधल्या सप्तकात येऊन थोडे, आखूड, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडणारे आघात देऊ लागला. लयीची जबाबदारी बासवर, तिला धार गिटारची, आणि पियानोला बोलायला रान मोकळे.

यात अडचण एकच. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड वाजवणारी वाद्ये, आणि दोघांची जागा एकच, मधले सप्तक. दोघे एकाच वेळी भरलेले कॉर्ड वाजवू लागले तर कुणाचेच नीट ऐकू येत नाही, आणि सातवा-नववा सूर वेगवेगळा घेतला तर उघड खटके उडतात. आपल्याकडच्या हौशी संचांचे बहुतेक वेळा इथेच फिसकटते. त्रयीने यावर काढलेले उपाय तबकड्यांत स्पष्ट ऐकू येतात. गाण्याची सुरुवात, शेवट आणि मधले दुवे आधी बांधलेले असत. तिथे पियानो आणि गिटार एकच सुरावट एकसुरात वाजवतात. कोल तुकडा घेत असतील तेव्हा मूर चार मात्रांचा बारीक ठेका धरतात किंवा लांब सूर सोडतात. मूर पुढे आले की पियानो अर्ध्याहून कमी होतो. ऐकताना हे इतके सहज वाटते की पाठ केलेले कुठे संपले आणि उत्स्फूर्त कुठे सुरू झाले ते कळत नाही.

दुसरी खूण म्हणजे पियानोवादक ज्याला ‘लॉक्ड हँड्स’ म्हणतात ती पद्धत. ती एकट्या कोल यांची नव्हे. मिल्ट बकनर यांचे नाव तिच्याशी आधी जोडले जाते, आणि जॉर्ज शेअरिंग यांनी ती घरोघरी पोहोचवली. पण कोल यांच्या हातात ती फार हलकी होती. रचना अशी : मुख्य सुरावटीचा सूर सर्वांत वर, त्याखाली एका सप्तकाच्या आत कॉर्डचे उरलेले तीन सूर, आणि डाव्या हाताने वरचाच सूर एक सप्तक खाली. सी सिक्स्थ कॉर्डवर वरचा सूर सी असेल तर उजव्या हातात वरून खाली सी, ए, जी, ई आणि डाव्या हातात खालचा सी. वरचा सूर कॉर्डमधला असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. तो डीवर गेला की नवशिके तोच कॉर्ड सरकवतात आणि सगळे चिकट होते. तिथे डिमिनिश्ड कॉर्ड घ्यावा लागतो : डी, बी, ए फ्लॅट, एफ आणि खाली डी. एकाआड एक सिक्स्थ आणि डिमिनिश्ड असे चढत गेले की पियानोतून सॅक्सोफोनचा ताफा वाजल्यासारखा भरीव आवाज येतो. खालचा सूर वरच्यापेक्षा हलका दाबायचा, नाहीतर सुरावट हरवते. आणि सलग अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त वापरू नये. कोलही फारसे वापरत नसत.

आता गाण्याकडे. गाणाऱ्यानेच साथ करणे आपल्याला नवे नाही, पेटी वाजवत गाणारे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. पण पेटी गळ्याच्या मागोमाग जाते, आणि कोल यांचा पियानो नेमके तेच टाळतो. शब्द चालू असताना उजवा हात सुरावट वाजवत नाही. त्या काळची बहुतेक गाणी बत्तीस बारची (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट), आठ-आठच्या चार भागांची. शब्द साधारण सातव्या बारपाशी संपतात आणि दीडेक बार रिकामा राहतो. कोल यांचा पियानो त्या रिकाम्या जागेत बोलतो. पुढची ओळ सुरू होण्याआधी गप्प बसतो. ‘स्वीट लॉरेन’ (डेका, डिसेंबर १९४०) हे त्याचे आदर्श उदाहरण. गळा लयीच्या किंचित मागे रेंगाळतो, हात मात्र लयीत पक्के. एकाच माणसाच्या अंगात दोन वेगळी घड्याळे चालतात, आणि अवघड आहे ते हे.

मुंबई, पुणे, गोव्यात गाता-गाता पियानो वाजवू पाहणाऱ्यांनी थेट कोल यांची नक्कल केली तर ती का फसते तेही सांगून टाकतो. उजव्या हाताने गळ्याचीच सुरावट वाजवली की पियानोचा सूर जागचा हलत नाही, गळा मात्र हलतो, आणि दोघांतला बारीक फरक श्रोत्याला बेसूर भासतो. शिवाय शब्द मागे-पुढे करायची मुभा जाते. सरावाचा क्रम असा ठेवावा. आधी फक्त डावा हात, प्रत्येक कॉर्डचे दोनच सूर, तिसरा आणि सातवा. मूळ सूर बासवर सोडून द्यायचा, बासवादक नसेल तर त्याची चाल आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून त्याचा ठोका दुसरी व चौथी मात्रा समजायचा, म्हणजे खरी लय १२० होते. पहिले काही दिवस या डाव्या हातावर शब्द नुसते बोलायचे, गायचे नाहीत. हात न डगमगता शब्द उशिरा पडू लागले की मग गायचे. उजव्या हाताची भर सर्वांत शेवटी, आणि तीही फक्त ओळ संपल्यावर. पट्टी गळ्याला सोयीची निवडावी. बोटांना सोपी म्हणून सी किंवा एफमध्ये गाणे ही आळशी सवय आहे.

मायक्रोफोनचाही वाटा मोठा. कोल यांचा आवाज भव्य नव्हता. मध्यम पल्ल्याचा, थोडा घोगरा, खाली उबदार. तो मोठ्याने फेकण्याऐवजी ते जवळून, जवळजवळ बोलल्यासारखे गायचे, आणि प्रत्येक शब्दाचे शेवटचे व्यंजन स्वच्छ उच्चारायचे. कॅपिटल या ध्वनिमुद्रण कंपनीत न्यूमन यू-४७ या मायक्रोफोनवर हा स्वभाव जसाच्या तसा टिपला गेला. जवळून गाताना प, ब, फ यांचा फटका बसतो. मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणि ओठांच्या किंचित बाजूला ठेवला तर तो बराच टळतो. आवाज खालचा राहावा म्हणून कोल सिगारेटवर सिगारेट ओढायचे, धुराने गळा पिकतो अशी त्यांची समजूत होती. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

कॅपिटलची स्थापना १९४२ मधली, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून अमेरिकी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. मोठ्या कंपन्या अडून बसल्या. कॅपिटलने १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये तडजोड केली. ३० नोव्हेंबरला त्रयी स्टुडिओत होती. वेस्ली प्रिन्स सैन्यात गेले होते, बासवर जॉनी मिलर. त्या दिवशी ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ झाले. वडिलांच्या प्रवचनातली गिधाड आणि माकडाची गोष्ट कोल यांनी त्यात गुंफली होती. गाणे तुफान चालले, पण त्याचे हक्क त्यांनी कधीच ५० डॉलरला आयर्व्हिंग मिल्स यांना विकून टाकले होते. त्याच दिवशीचे ‘जंपिन ॲट कॅपिटल’ जरूर ऐकावे. त्यात गाणे नाहीच, नुसते तिघांचे वादन, आणि दहा इंची तबकडीच्या तीन मिनिटांत एकही सूर वाया गेलेला नाही.

पियानोवादक म्हणून कोल ऐकायचे तर आणखी दोन जागा सांगतो, ज्या नावावरून शोधल्या तर सापडायच्या नाहीत. २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजेलिसच्या फिलहार्मॉनिक ऑडिटोरियममध्ये ‘जॅझ ॲट द फिलहार्मॉनिक’ या मालिकेची पहिली मैफल झाली, तिथे पियानोवर कोल होते. कॅपिटलशी करार असल्याने तबकड्यांवर कोल यांचे नाव ‘शॉर्टी नादीन’ असे आले; नादीन हे त्यांच्या पहिल्या पत्नीचे नाव. दुसरी जागा १९४६ ची, सॅक्सोफोनवर लेस्टर यंग आणि ड्रमवर बडी रिच. इथे कोल ‘आय गाय’ आहेत. या संचात बास नाही. म्हणजे त्रयीच्या बरोबर उलट : ड्रम आहे, खर्ज नाही, आणि इथे डावा हात पुन्हा खाली उतरून खर्ज सांभाळतो. लेस्टर यंग यांच्याबरोबरच १९४२ मध्ये रेड कॅलेंडर यांचा बास घेऊन आणि ड्रमशिवाय केलेले वादन शेजारी ठेवून ऐकले, तर माणूस संच बघून हात कसा बदलतो ते पाठ्यपुस्तकाशिवाय कळते.

ड्रमविरहित त्रयीचा साचा लगेच उचलला गेला. आर्ट टेटम यांच्यासारख्या दिग्गज पियानोवादकाने १९४३ मध्ये गिटार-बास घेऊन त्रयी बांधली. ऑस्कर पीटरसन, अहमद जमाल त्याच वाटेने आले. रे चार्ल्स सुरुवातीला कोल यांची सरळ नक्कल करायचे. १९९६ मध्ये डायना क्रॉल यांनी या त्रयीला वाहिलेला आल्बम केला, तोही ड्रमशिवाय.

मग हा माणूस पियानोवरून उठला का? १९४८ मध्ये ‘नेचर बॉय’ आले. फ्रँक डी व्होल यांचा तंतुवाद्यवृंद, पुढे कोल यांचा आवाज, आठ आठवडे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक. १९५० मध्ये ‘मोना लिसा’. तबकडीवर लेस बॅक्स्टर यांचे नाव असले तरी वाद्यसंयोजन नेल्सन रिडल यांचे. १९५१ मध्ये ‘अनफर्गेटेबल’. ऑस्कर मूर १९४७ मध्येच त्रयी सोडून गेले होते, आणि त्रयी हळूहळू नावापुरती उरली. जॅझच्या काही समीक्षकांनी याला पैशासाठी पत्करलेली घसरण म्हटले. आम्हाला ते अर्धेच पटते. पैसा होताच; १९५१ मध्ये कर थकल्याने सरकारने त्यांच्या घरावर टाच आणली होती, तेव्हा गरजही होती. पण गाताना वाक्य कुठे तोडायचे, किती थांबायचे, हे सगळे त्रयीच्या काळातलेच आहे. फक्त रिकाम्या जागा आता व्हायोलिन भरतात. त्यातली काही संयोजने फार गोड आहेत, एवढी तक्रार मात्र रास्त.

ज्याला शंका असेल त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ हा आल्बम ऐकावा. १९५६ मधले ध्वनिमुद्रण, पियानोवर स्वतः कोल, गिटारवर जॉन कॉलिन्स, बासवर चार्ली हॅरिस, ड्रमवर ली यंग, आणि पाहुणे आळीपाळीने : हॅरी एडिसन यांचा ट्रंपेट, विली स्मिथ यांचा आल्टो सॅक्सोफोन, स्टफ स्मिथ यांचे व्हायोलिन, आणि ‘कॅराव्हान’साठी त्याच रचनेचे एक संगीतकार हुआन टिझोल आपला ट्रॉम्बोन घेऊन. वादक गंजलेला नव्हता हे पहिल्या दोन मिनिटांत कळते. याच्या उलट टोकाला १९६२ चा जॉर्ज शेअरिंग यांच्यासोबतचा आल्बम, ज्यात पियानो शेअरिंग यांचा आणि कोल फक्त गातात. एवढा मोठा वादक दुसऱ्याच्या पियानोला वाट करून देतो, हे ऐकण्यासारखे आहे.

याच काळात त्यांना काय सोसावे लागले तेही कारकिर्दीचाच भाग आहे. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्कमध्ये घर घेतले तर शेजारच्या गोऱ्या मालकांनी विरोध केला. १० एप्रिल १९५६ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये गाताना गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी मंचावर चढून त्यांना पाडले. समोरचा श्रोतृवर्ग फक्त गोऱ्यांचा होता, म्हणून कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनीही त्यांनाच बोल लावले. ५ नोव्हेंबर १९५६ पासून एनबीसी या दूरचित्रवाहिनीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे, पेगी ली असे पाहुणे अगदी किमान मानधनावर आले. तरी देशभरासाठी एकही प्रायोजक पुढे आला नाही, दक्षिणेतला ग्राहक बिथरेल ही कंपन्यांना भीती. १७ डिसेंबर १९५७ ला कार्यक्रम थांबला. जाहिरातवाले अंधाराला घाबरतात, असे कोल तेव्हा म्हणाले होते; इंग्रजीतल्या ‘डार्क’ या शब्दात अंधार आणि काळा वर्ण दोन्ही येतात.

आता ऑनलाइन ऐकणाऱ्यांची फसगत होते ती जागा. १९६१ मध्ये कॅपिटलने ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ हा तीन तबकड्यांचा संच काढला. त्यासाठी जुनी यशस्वी गाणी स्टीरिओत नव्याने गाऊन घेतली. आज शोधल्यावर बरेचदा हीच पुढे येतात, आणि लोक त्यांना १९४० च्या दशकातली समजतात. ओळखायची सोपी खूण : हेडफोन लावून डावा आणि उजवा कान वेगळा ऐका. वाद्ये दोन बाजूंना पसरलेली असतील तर ते मूळ असूच शकत नाही, कारण तेव्हाचे सगळे मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. नाताळचे ‘द ख्रिसमस साँग’ तर चार वेळा झाले आहे. जून १९४६ मध्ये नुसती त्रयी. ही प्रत कित्येक वर्षे बाहेरच आली नव्हती. ऑगस्ट १९४६ मध्ये त्रयीला छोटा तंतुवाद्यसमूह जोडून. तेव्हा गाजली ती ही. १९५३ मध्ये नेल्सन रिडल यांच्या पूर्ण वाद्यवृंदासह. आणि १९६१ मध्ये राल्फ कारमायकेल यांच्या संचालनाखाली स्टीरिओत. डिसेंबरमध्ये मॉलमधून कानावर येते ते बहुतेक हे चौथे. आवाज सर्वांत खोल याच प्रतीत, पण पियानो ऐकायचा तर पहिल्या दोन प्रतींकडे जावे लागते.

नंतरच्या लोकगीतछापाच्या यशांबद्दल, म्हणजे ‘रॅम्बलिन रोझ’ (१९६२) वगैरे, फार लिहिण्यासारखे आम्हाला वाटत नाही. डिसेंबर १९६४ मध्ये, फुप्फुसाचा कर्करोग बळावलेला असताना, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एल-ओ-व्ही-ई’ आल्बमची उरलेली गाणी पुरी केली. जानेवारीत डावे फुप्फुस काढावे लागले, आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी सांता मोनिकात ते गेले. वय ४५.

विनंती एवढीच, की पुरवणीत यापुढे अशा गाण्याचा उल्लेख येईल तेव्हा गायकाच्या नावापुढे ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि साथीदारांची नावे छापावीत. एका ओळीची जागा लागते. छायाचित्र निवडताना नुसते मायक्रोफोनपुढे उभे असलेले न घेता त्रयीतले घ्यावे : पियानोवर हात, शेजारी मूर यांची गिटार आणि मागे बास.

आपले,
पाश्चात्त्य संगीताचे काही शिक्षक आणि श्रोते,
पुणे